कवळीसाहेब आश्रित होतात

त्यांचं खरं नाव मित्रमंडळींत कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. सगळे त्यांना कवळीसाहेब म्हणत, कारण परदेशात आल्यापासून ते एका लॅबमध्ये कवळ्या बनवत होते. दाताच्या डॉक्टरकडून तोंडाचं माप यायचं, त्यावरून हे प्लास्टरचा साचा ओतायचे, मेणात एकेक दात बसवायचे, घासायचे, चकाकी द्यायचे. एखाद्याचा पुढचा एकच दात बनवायचा असेल तर रंगांची पट्टी घेऊन खिडकीशी उभे राहायचे आणि शेजारच्या दातांशी जुळणारा पिवळेपणा सापडेपर्यंत हलायचे नाहीत. कारागीर एक नंबर. फक्त दिवसभर त्यांची गाठ दातांशी, आणि दात काही गप्पा मारत नाहीत. त्यामुळे अख्ख्या गावाच्या तोंडाची सोय लावणाऱ्या या गृहस्थांचं स्वतःचं तोंड तिथल्या भाषेत काही केल्या उघडत नव्हतं.

आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं. त्या देशात कायमचं राहायचं तर परवानगी लागते आणि परवानगीसाठी गुण लागतात. वयाला गुण, शिक्षणाला गुण, अनुभवाला गुण, भाषेला तर भरघोस गुण. कवळीसाहेबांनी भाषेची परीक्षा पुन्हा पुन्हा दिली. वाचण्यात पास, लिहिण्यात पास, बोलण्यात दणकून आपटले. परीक्षक बाई म्हणाल्या, "एखाद्या संस्मरणीय प्रवासाबद्दल सांगा." हे म्हणाले, "चांगला झाला," आणि उरलेला वेळ बाईंच्या सुळ्याकडे बघत बसले. सुळ्याची कॅप कुणीतरी घाईत बसवली होती, त्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

त्यात वाढदिवस आला. घरच्यांनी हौसेनं केक आणला, टाळ्या वाजवल्या, आणि कवळीसाहेबांनी मेणबत्ती विझवली तसे वयाचे गुणही घसरले. हातातला कामाचा परवाना पुढच्या वर्षी संपणार होता. तोवर गुण भरले नाहीत तर गाशा गुंडाळून परत, एवढं सरळ होतं.

शेवटी ते बायकोला घेऊन एका सल्लागाराकडे गेले. सल्लागार आपलाच माणूस, बोलायला मोकळा. त्यानं कवळीसाहेबांच्या गुणांची बेरीज केली, तोंड वाकडं केलं, आणि सहज म्हणून त्यांच्या बायकोला विचारलं, "वहिनी, तुम्ही काय करता?"

"ती ना, सलूनमध्ये केस कापते," कवळीसाहेबांनी उत्तर दिलं. बायकोला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपण द्यायचं, ही त्यांची जुनी सवय.

"कोर्स केलाय का इथला?"

"केलाय की. घरी बसून कंटाळली होती म्हणून."

सल्लागारानं पुन्हा बेरीज केली. या वेळी त्याचं तोंड वाकडं झालं नाही. बाई वयानं लहान, शिक्षण इथलं, केस कापणाऱ्यांचा त्या देशात तुटवडा, आणि गिऱ्हाइकांशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बडबड करून भाषा अशी घोटलेली की परीक्षेला त्यांना थांबा म्हणावं लागलं असतं.

"साहेब, अर्ज वहिनींच्या नावानं करा. आरामात बसतंय."

"आणि मी?"

"तुम्ही त्यांचे आश्रित. तुम्ही आणि मुलगी."

घरी येईपर्यंत कवळीसाहेब मनात जुनी कागदपत्रं मोजत होते. आजवर घराचं भाडं, मुलीची शाळा, विजेचं कनेक्शन, सगळीकडे पहिलं नाव त्यांचं, आणि आता थेट आश्रित! लेकीला कळलं तेव्हा ती चौथीतली पोरगी आनंदानं ओरडली, "बाबा, म्हणजे तू आणि मी सेम!" बायको ओट्याकडे तोंड करून उभी होती, पण तिचे खांदे हलत होते. कवळीसाहेबांनी जेवणावर राग काढला. मग तासाभरानं भूक लागली म्हणून गुपचूप फ्रिज उघडला.

दोन दिवसांत राग निवळला. अर्ज तिचा असला तरी तयारी आपण करून घेऊ, एवढा तरी मान राहील, असं त्यांनी ठरवलं. रविवारी दुपारी बायको सलूनमधल्या टॉवेलांच्या घड्या घालत होती. हे समोर खुर्ची टाकून अधिकारी होऊन बसले. सल्लागारानं सांगितलेले प्रश्न यांनी विचारायचे, तिनं पाठ केलेली उत्तरं द्यायची. सगळं झकास चाललं होतं. मग त्यांनी जड आवाज काढून तिथल्या भाषेत विचारलं, "तुम्हाला या देशात कायमचं राहायचं आहे का?"

बायकोचा टॉवेल अर्ध्या घडीवर थांबला.

"अगं, हो म्हण. पाठ केलंयस ना?"

"केलंय. पण हे मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं, म्हणून जरा विचार करत होते."

"म्हणजे?"

"अहो, सहा वर्षं तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलायत, 'आम्ही इथेच राहणार.' माझ्या भावाला सांगितलंत, मित्रांना सांगितलंत, घरमालकाला सांगितलंत. मी शेजारीच उभी असायचे. ते 'आम्ही' कुणाला विचारून? 'आपण राहायचं का गं' असं एकदा तरी म्हणालात मला?"

कवळीसाहेबांना लाज वाटली. मनापासून वाटली. गुणांच्या बेरजेत बायको काय म्हणते हा रकानाच त्यांनी धरला नव्हता. त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली आणि साध्या आवाजात विचारलं, "राहायचं का आपण?"

"पहिल्या वर्षी विचारलं असतंत तर मी त्याच दिवशी बॅगा भरल्या असत्या," ती म्हणाली. "आता नाही. आता सलूनमध्ये बायका माझ्यासाठी थांबतात. दुसरी कापणारी रिकामी असली तरी थांबतात. मला नाही ते सोडवत. मला राहायचंय. आता तुम्ही सांगा."

"मी काय सांगू?"

"अर्ज माझा आहे. आश्रितांना विचारणं माझं काम. तुम्हाला राहायचंय का?"

हो म्हणायला कवळीसाहेबांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. या वेळी तर प्रश्न स्वतःच्या भाषेतला होता.

"आईला 'येतो' म्हणून निघालो होतो," ते शेवटी म्हणाले.

निघताना सगळेच येतो म्हणतात. जातो कोण म्हणतं? पण त्यांनी ते खरं धरलं होतं. देशाबाहेर काढलेले दिवस कायमच्या परवानगीच्या हिशेबातून वजा होतात म्हणून एकदाही घरी गेले नव्हते. दर फोनला मात्र सांगायचे, पुढच्या वर्षी येतो.

बायकोनं हातातला टॉवेल खाली ठेवला, सासूबाईंना फोन लावला आणि नवऱ्याच्या हातात दिला. "त्यांनाच विचारा."

"आई," कवळीसाहेब म्हणाले, "आम्ही..." आणि थांबले. "आई, मी इथेच कायमचा राहिलो तर चालेल का गं तुला?"

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

"राहा की. मी केव्हाचीच धरून चाललेय. तुझी खोली दादाच्या मुलाला देऊनसुद्धा टाकली, अभ्यासाला. आणि पक्कं झालं की येता-जाता येतं म्हणे, परवा सूनबाई सांगत होती."

कवळीसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती एकाच टॉवेलची पुन्हा पुन्हा घडी घालत होती.

"मग मी इतकी वर्षं दर वेळी येतो म्हणायचो, तेव्हा तू काही बोलली नाहीस ती?"

"काय बोलणार, बाळा? तू येतो म्हणायचास, मी ये म्हणायचे. तुला वाईट वाटायला नको म्हणून."