मागच्या सीटवरचे कोंडीभाऊ

कोंडीभाऊंना मोटारसायकल चालवता येत नव्हती. सायकलसुद्धा त्यांनी लहानपणी एकदाच चालवली आणि ती विहिरीच्या कठड्यापाशी जाऊन थांबली, तेव्हापासून त्या वाटेला गेले नाहीत, असं ते स्वतःच हसत सांगायचे. तरीही मला मोटारसायकल शिकवली ती त्यांनीच, आणि तीही मागच्या सीटवर बसून.

ओतूरजवळच्या एका गावात जनावरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा कोंडीभाऊ तिथे परिचर होते. सकाळी दवाखाना उघडण्यापासून ते लाथा मारणाऱ्या बैलाला दोरखंडाने बांधण्यापर्यंत सगळी कामं त्यांची. अंगाने काटक, आवाज मात्र अंगाला न शोभेल एवढा मोठा. तीस वर्षांत दवाखान्यात जेवढे डॉक्टर आले, त्या सगळ्यांच्या मागे बसून ते गावोगाव हिंडले होते. गाडीवर बसताना पांढरी टोपी घडी करून खिशात ठेवायचे आणि स्वतःच्या पैशांनी घेतलेलं हेल्मेट डोक्यावर चढवायचे. मागे बसणारा हेल्मेट घालतो, याचं पंचक्रोशीत हसू व्हायचं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि ते गेल्यावर ती जागा भरली जाणार नाही हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे दोन वर्षांनी मला वाड्यावस्त्यांवर एकटीनेच जायचं होतं.

मी नाशिकची. कॉलेजात स्कूटी चालवलेली. इथल्या शिवारातल्या रस्त्यांवर तिची इवलीशी चाकं रुतायची आणि औषधांची पेटीही नीट बसायची नाही, म्हणून मी एक जुनी मोटारसायकल विकत घेतली. शेजारच्या काकांनी शाळेच्या मैदानावर क्लच-गिअर शिकवले, लायसन मिळालं, आणि आपल्याला गाडी येते असं मला वाटू लागलं.

पहिल्या दिवशी मी ऐटीत किल्ली फिरवली आणि म्हटलं, "बसा, कोंडीभाऊ." ते बसले नाहीत. गाडीभोवती त्यांनी एक चक्कर मारली, दोन्ही टायर अंगठ्याने दाबून पाहिले, खाली राहिलेला साइड स्टँड पायाने वर केला. मग माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहत राहिले. दवाखान्यात आणलेल्या गाईकडे ते असंच बघायचे.

"जेवल्या का?"

"आल्यावर जेवीन."

"आदी दोन घास खावा. उपाशी मानूस घाई करतो."

मला राग आला. मी डॉक्टर, हे परिचर, आणि मला जेवायला पाठवतायत! पण ते हेल्मेट काखेत मारून तसेच उभे राहिले, तेव्हा मुकाट्याने आत जाऊन डबा उघडावा लागला. परत आले तर म्हणाले, "आता ती वढणी. दोन्ही टोकं कमरंला बांदा. चाकात गेली म्हंजे चाक थांबत नाय, तुमी थांबता."

गाडी सुरू झाली की त्यांचा रेडिओ सुरू व्हायचा. मॅडम, म्होरं वाळू सांडलीया. मॅडम, वळनाच्या आदी हळू, वळनात ब्रेक नको. मॅडम, दोन्ही ब्रेक, एकट्या फुडच्यावर इश्वास ठिवू नका. उसाच्या दिवसांत ट्रॉल्या रस्त्याकडेला बिनदिव्याच्या उभ्या असतात. त्या दिसायच्या आधीच यांना कशा कळायच्या देव जाणे. दिवस कलला की ते मला उसाच्या कडेने जाऊ देत नसत, रस्त्याच्या मधोमध चला म्हणायचे आणि हॉर्न वाजवायला लावायचे. त्याचं कारण इकडे कुणाला सांगावं लागत नाही, बिबट्याला आमच्याइतकीच घरी जायची घाई असते.

बेल्ह्याच्या बाजाराच्या दिवशी रस्ता जनावरांनी भरलेला असायचा, आणि कोंडीभाऊंची खरी शिकवणी तिथे झाली. "म्हशीच्या तोंडाम्होरनं कदी जायचं नाय," ते कानाशी ओरडायचे. "तिनं पाऊल टाकलं की टाकलं, ती म्हागं फिरत नाय. शेपटीकडनं जावा." शेळ्यांचं गणित निराळं. "एक गेली म्हंजे समद्या जानार. शेवटची नेमकी तुमच्या चाकाखाली यील, तिची वाट बगा." कुत्रं अंगावर धावून आलं तर पाय वर घ्यायचे नाहीत आणि गाडीही पळवायची नाही. रस्त्याच्या एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला पोर दिसलं, की सरळ थांबायचं, कारण दोघांपैकी एक जण पळणारच. मी पाच वर्षं जनावरांचं शास्त्र शिकून आले होते, पण त्यातलं एवढं मला कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा समोर मोठा खड्डा दिसला. मी डोळे फाडून त्याच्याकडे बघत राहिले आणि बाजूला भरपूर रस्ता मोकळा असताना गाडी बरोब्बर त्यातच घातली. पेटीतल्या दोन बाटल्या फुटल्या. कोंडीभाऊ खाली उतरले, काचा वेचल्या, आणि शांतपणे म्हणाले, "खड्ड्याकडं कशाला बगितलं? बगाल तिकडंच गाडी जाती. जायचं तिकडं बगावं." मी म्हटलं, "तुम्हाला चालवता येत नाही, मग हे कसं कळतं?" तर म्हणाले, "चालवनारा रस्ता बगतो. मी चालवनाऱ्याला बगतो."

सगळ्यात जास्त राग मला त्यांच्या एका सवयीचा यायचा. आपल्याकडे रस्त्यात कुणी हात केला की नाही म्हणायची पद्धत नाही. दोघं बसलेले असले तरी तिसरा बिनदिक्कत विचारतो, "जरा आळ्यापत्तुर सोडता का?" मी संकोचून वेग कमी करायचे. तोच मागून कोंडीभाऊंचा आवाज यायचा, "नगं पावनं! मॅडम नव्या हायेत. माजं ठीक हाय, माजी नोकरीच हाय. तुमाला कशाला जिवाला घोर?" आख्ख्या थांब्यावर हशा पिकायचा. माझे कान तापायचे. पुढे गावोगाव ते इतकं पसरलं की मला कुणी हात करेनासं झालं, आणि त्यात माझंच भलं होतं हे कबूल करायला मला बरेच महिने लागले.

दीड वर्ष असं गेलं. आता माझा हात बसला होता आणि जीभही सैल सुटली होती. त्यातच आंबेगावच्या डोंगराकडच्या काही गावांचा जादा कारभार माझ्याकडे आला. एका दुपारी घोडेगावच्या पलीकडून फोन आला. गाय सकाळपासून अडली होती, वासराचे पाय दिसत होते पण ते बाहेर येत नव्हतं. आम्ही निघालो. डोंगर चढून उतार लागला आणि गाडी रिझर्व्हला आली. पंप पार खाली. पेट्रोल संपून रस्त्यातच अडकलो तर? इकडे उतारावर गाडी बंद करून सोडून देणारे शेकड्यांनी दिसतात. मीही किल्ली फिरवली. इंजिनाचा आवाज थांबला आणि गाडी वाऱ्यासारखी सुटली.

"मॅडम, गाडी चालू करा. गिअरमदी घ्या."

"पेट्रोल नाहीये, कोंडीभाऊ."

"नसू द्या. निस्त्या ब्रेकवर उतरू नका. ब्रेक तापत्यात, मग लागत न्हाईत."

"तुम्ही जरा गप्प बसता का?"

असं मी त्यांना कधी बोलले नव्हते. एक वळण गेलं. मग नेहमीच्या मोठ्या आवाजात नव्हे, अगदी हळू म्हणाले, "थांबवा. मला उतरायचंय."

मी थांबले. ते उतरले, हेल्मेट काढून हातात घेतलं. "तुमी जावा. मी चालत येतो."

मी रागाने तशीच पुढे गेले. दोन वळणांवर ब्रेक दाबला तर तो नेहमीपेक्षा खोल गेला. कशीबशी गाडी डोंगराच्या अंगाला घेऊन थांबवली आणि कठड्यावर बसून राहिले. गाय तिकडे अडलेली, आणि मी इथे. पंधरा मिनिटांनी ते चालत आले. माझ्याकडे पाहिलं, चाकाजवळ हात नेऊन पाहिला, आणि शेजारी बसले.

"तुमच्या आदी चार डाक्टर सोडून एक सायेब व्हते," ते म्हणाले. "लई गुनी मानूस. असंच उतारावर गाडी बंद करायचे, पेट्रोल वाचतं म्हनून. मला समजत व्हतं. पर सायबाला परिचरानं कसं सांगायचं? रोज वाटायचं, आज सांगू. एक दिवशी ब्रेक लागला नाय. मी गवतात पडलो, मला खरचटलं. सायबांचा पाय गेला. आता टेबलाचं काम करत्यात, काठी घिऊन. दर दिवाळीला जातो मी भेटाया. एकदा रडलो त्यांच्यापाशी, म्हनलं, मला समजत व्हतं. तर म्हनले, ‘मग बोलला का नाहीस रे?’"

ते पुढे म्हणाले, "तवापास्नं ठरवलं. मागं बसायचं तर बोलायचं. आनि बोलून आयकलं नाय, तर उतरायचं."

ब्रेक थंड होऊ दिले. मग इंजिन चालू करून दुसऱ्या गिअरमध्ये आम्ही उतरलो, आणि रिझर्व्हवर गाडी आरामात पंपापर्यंत गेली. गाय वाचली. वासरू मेलेलं निघालं. आम्ही निघण्याआधीच ते गेलेलं असावं असं अंगावरून दिसत होतं, पण खात्रीने मला सांगता येत नाही, आणि तो काटा आजही आहे. गोठ्याबाहेर बादलीत हात धुताना मी म्हटलं, "अर्धा तास गेला आपला." कोंडीभाऊ पाणी ओतत होते. म्हणाले, "ते वासरू माज्या नावावर लावा. पर तुमची आई नाशकास्नं तुमाला न्यायला आली असती, तर मी तिला तोंड कसं दावलं असतं?" मला तिथेच रडू फुटलं. घरची बाई मी वासरासाठी रडतेय असं समजून माझी समजूत काढायला लागली.

पुढच्या सहा महिन्यांत त्यांचा रेडिओ हळूहळू कमी झाला. मग ते निवृत्त झाले. शाल-श्रीफळ घेतलं, चार शब्द बोला म्हटलं तर दोनच बोलले. जागा भरली गेली नाहीच. तेव्हापासून मी एकटी हिंडते आहे, आणि म्हैस आडवी आली की अजून शेपटीकडूनच जाते.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. त्यांची सून सोनाली आशा सेविका झाली होती, तिला वाड्यावस्त्यांवर जायचं होतं. क्लच-गिअर नवऱ्याने शिकवले होते, लायसनही निघालं होतं. "आता रस्ता शिकवाया पायजे," कोंडीभाऊ म्हणाले. "पोरगा शिकवतो तर दोगंबी वरडत्यात. मी मागं बसलो तर ती रस्ता सोडून सासऱ्याचाच इचार करंल. तुमी या."

मी गेले. सोनाली पुढे, मी मागे. आयुष्यात पहिल्यांदा मी शिकाऊ माणसाच्या मागे बसले होते. गावाबाहेर पडलो आणि समोरून कांद्याच्या गोण्यांनी भरलेला टेम्पो आला. सोनाली त्याच्याकडे बघायला लागली आणि गाडी हळूहळू त्याच्याकडे सरकली. माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. हातात ना हँडल, ना क्लच, ना काही. "तिकडे बघू नकोस, डावीकडे बघ!" मी ओरडले. तिने पाहिलं, गाडी वळली, टेम्पो गेला. घरी आलो तर ओट्यावर कोंडीभाऊ बसले होते, शेजारी त्यांची बायको लसूण सोलत होती.

मी पाणी प्यायले आणि विचारलं, "कोंडीभाऊ, खरं सांगा. दीड-दोन वर्षं रोज माझ्या मागे कसे बसलात हो तुम्ही?"

"भ्या वाटायचं की," ते म्हणाले. "लई वाटायचं. हिला मातुर सांगायचो, मॅडम लई बेस चालवत्यात. न्हाय तर हिनं जाऊच दिलं नसतं."

"मला काय कळत नव्हतं व्हय?" लसूण सोलता सोलता बायको म्हणाली. "रोज संध्याकाळी आले की आदी देवाला हात जोडायचे. आदी कदी जोडत नव्हते."

"मग नाही म्हणायचं होतं ना ऑफिसात," मी म्हटलं. "कुणी तुमच्यावर जबरदस्ती केली नसती."

"नाय म्हनलो असतो तर तुमी थांबला असता का?" कोंडीभाऊ म्हणाले. "तुमी एकट्या गेल्या असत्या."

खरं होतं. मी गेलेच असते. माझ्याने त्यांच्याकडे बघवेना. अंगणात सोनालीने गाडी पुन्हा चालू केली होती आणि वळून आमच्याकडे पाहत होती. मी हेल्मेटचा पट्टा बांधला आणि तिच्या मागे जाऊन बसले.