सहावं बोट आणि शुद्धिपत्रक

“मॅडम, लोगो तो एआय ने बना दिया. बस टेक्स्ट थोड़ा हिल गया है. पाँच मिनट का काम है.”

फोनवर चड्ढाजी होते. एका सरकारी कार्यालयात ते बचत गटांच्या मेळ्याचं काम बघतात. मी सरकारी छापखान्यात पानं लावता लावता रिटायर झाले. आता दिल्लीत, आर. के. पुरममध्ये मुलीच्या सरकारी क्वार्टरमध्ये बसून एआयच्या चित्रांतली अक्षरं दुरुस्त करते. या वयात हा नवा उद्योग मिळवून दिल्याबद्दल मी एआयची ऋणी आहे.

चित्र उघडलं. पितळी परात, वर सूर्य, मध्ये पापड लाटणारे दोन हात. एका हाताला सहा बोटं होती. असू देत, पापड भराभर लाटले जातील. खाली ‘सोबती महिला बचत गट, आडगाव’ हवं होतं. शिरोरेषा अगदी सरळ होती. तिच्याखाली जे लोंबत होतं ते मराठी नव्हतं, हिंदी नव्हतं, कुठल्याच माणसांची भाषा नव्हती.

त्याचं असं आहे की एआय बऱ्याचदा अक्षरं लिहीत नाही, अक्षरांची चित्रं काढतं. म्हणून ती जागेवर सुधारता येत नाहीत. खरवडायची, मागचा रंग भरायचा आणि खरा मजकूर वेगळ्या लेयरवर बसवायचा. लेयर म्हणजे चित्रावर ठेवलेला पारदर्शक कागदच समजा. तासाभरात झालं. सहावं बोटही काढून टाकलं आणि फाइल पाठवली.

दुपारी पुन्हा फोन.

“मॅडम, ये मैच नहीं कर रहा.”

“किससे?”

“अप्रूव्ड कॉपी से.”

मोठ्या साहेबांनी त्या अगम्य अक्षरांच्या प्रिंटवर आधीच ‘अप्रूव्ड’ लिहून सही केली होती. त्यांच्याखाली आणखी चार सह्या. मोठ्या साहेबांनी पाहिलंय म्हणून चौघांनी पाहिलं नव्हतं, आणि खालचे चौघे पाहतील म्हणून साहेबांनी पाहिलं नव्हतं. आता गटाच्या स्टॉलचा बोर्ड सही झालेल्या प्रिंटसारखाच छापायचा. नवी मंजुरी हवी तर साहेब टूरवर, आणि उद्घाटन परवा सकाळी.

“चड्ढाजी, उसमें नाम ही नहीं है.”

“साइन तो है ना, मॅडम.”

गटाच्या अध्यक्ष सुशीलाताई कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसमध्ये उतरल्या होत्या. नावाची खात्री करायला मी सकाळी त्यांना फोन केला होता. आता त्यांचाच आला.

“ताई, बोर्डावर गावाचं नाव नीट येईल ना? सासरे म्हणालेत, दिल्लीत गावाचं नाव लागलेलं फोटोत दाखव, मग पुढच्या वर्षी पुन्हा जा. गटातल्या बाकीच्या घरांतूनही तेच.”

“येईल,” मी म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, देव जाणे.

मला चड्ढाजींचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला. सही झालेल्या प्रूफात चूक दिसली तरी हात लावायचा नाही, हे छापखान्यात मीच नव्या लोकांना शिकवत असे. मग आम्ही काय करायचो? चूक तशीच छापायची आणि शुद्धिपत्रक काढायचं, म्हणजे ‘अमुक ऐवजी तमुक वाचावे’ असा वेगळा कागद; सरकारी इंग्रजीत कॉरिजेंडम.

मी चड्ढाजींना फोन लावला. “बोर्ड अप्रूव्ड वाला ही छापिए. साथ में कॉरिजेंडम निकालते हैं. उस पर किसका साइन लगेगा?”

चड्ढाजी हलकेच म्हणाले, “कॉरिजेंडम पे तो मेरा ही चलता है.”

आवाजावरून वाटलं, बऱ्याच वर्षांत त्यांच्या एकट्याच्या सहीने काही झालं नसावं.

बोर्ड मंजुरीबरहुकूम छापला. शुद्धिपत्रक म्हणून मी एक पट्टी बनवली, बरोब्बर त्या अगम्य ओळीच्या मापाची. तिच्यावर गटाचं आणि गावाचं नाव. कोपऱ्यात चड्ढाजींची सही, तांदळाएवढी. उद्घाटनाच्या सकाळी ती मी स्वतः चिकटवली आणि कडा दोनदा दाबल्या.

टूरवरून परतलेले साहेब बोर्डासमोर थांबले. “देखा? एआय मराठी भी कितनी बढ़िया लिखता है.”

चड्ढाजींनी मान डोलावली. मीही डोलावली. सरकारी छापखान्याची पेन्शन खाते मी.

आठवड्याने सुशीलाताईंचा गावाहून फोन आला. सासऱ्यांनी फोटो भिंतीवर लावला होता. पुढच्या वर्षी जा म्हणाले होते, आणि बाकीच्या घरांनीही माना हलवल्या होत्या.

“फक्त एक विचारत होते, ताई. त्या हाताला सहा बोटं कशी?”

मशीनची चूक तासाभरात निघते. सही झालेली चूक निघत नाही, झाकावी लागते; आणि बोटाचं शुद्धिपत्रक माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“मंजूर झालंय ते,” मी म्हणाले.