ऐंशी डाव्या बाह्या

माझी आई शिवणकारखान्यात कापणीची मास्तर होती. कात्री हातात आली की मालकालाही जुमानायची नाही, आणि चूक कबूल करणं तर तिच्या रक्तातच नव्हतं. चर्चमध्ये मात्र सगळ्यांसोबत पापांची कबुली म्हणताना तिचा आवाज सर्वांच्या वर. सगळ्यांच्या घोळक्यात पापी व्हायला कुणाचं काय जातं!

तिचं स्वतःचं पाप वेगळंच होतं. चाळीस कोटांच्या बाह्या कापताना निम्म्या कापडावर साचा उलटा करून ठेवायचा असतो, तो ती विसरली. ऐंशीच्या ऐंशी बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. मालक खवळला, तशी आईनं कापडाचे थर लावणाऱ्या बाईकडे बोट दाखवलं. "हिनं कापड चुकीचं पसरलं." ती बाई म्हणजे माझी आत्या, बाबांची सख्खी बहीण. तिची नोकरी गेली. अकरा वर्षं तिनं आमच्या घरात पाऊल टाकलं नाही, आणि बाबा बिचारे दोघींच्या मध्ये गप्प.

मग एका रविवारी प्रभुभोजनाच्या रांगेत आई भाकर घ्यायला पाळकांपुढे पोचली आणि हातच पुढे करेना. "मनात हे पाप ठेवून मला घेता येत नाही," म्हणाली, आणि वळून थेट आत्याच्या बाकापाशी गेली.

"वन्सं, चूक माझी होती. मी धडधडीत खोटं बोलले."

आत्या म्हणाली, "देवानं ऐकलं, मीही ऐकलं. पण माझी मान जिथं खाली गेली, तिथं चल."

सोमवारी सकाळी दोघी कारखान्यात गेल्या, मागोमाग मीही. आईनं मशिनं थांबवायला लावली आणि सगळ्यांदेखत, काही आडपडदा न ठेवता, सांगून टाकलं. मालकानं तिथल्या तिथं मास्तरकी काढून घेतली. थर लावायचं काम करायचं तर कर, म्हणाला.

"करते," आई म्हणाली. अभिमानानं माझा ऊर भरून आला होता.

तेवढ्यात आत्या पुढे झाली. "ऐकलंत ना सगळ्यांनी? मग हेही ऐका. प्रभूनं मला पुष्कळ माफ केलंय. मी हिला माफ केलं. यापुढे कुणी हिला टोमणा मारला, तर माझ्याशी गाठ आहे!"

अख्खा कारखाना टाळ्या वाजवायला लागला. मालकसुद्धा.

संध्याकाळी बाबांनी दार उघडलं, समोर बहीण पाहिली आणि हमसून रडायला लागले.

"रडतोस काय, भूक लागलीय मला," आत्या म्हणाली. त्यांना बाजूला सारून ती सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि पातेल्यांवरची झाकणं उघडून पाहू लागली.