बसच्या मागे एकटा सुधीर

सुधीर परब गेल्याचं मला आमच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, आणि त्यांचं दुसरंच वाक्य होतं, "तो स्वतःच्या कामाने बाहेर पडला होता, बरोबर ना?" दीड महिना झाला, अजून ते वाक्य आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

आमच्या मुलुंडच्या वर्कशॉपमध्ये बसच्या पाठीमागे वळणाऱ्या पात्या बसवायचा प्रयोग चालू आहे. पातीला निकेल-टायटॅनियमची वायर. करंट सोडला की ती तापते, शिकवलेल्या आकारात जाते, पाती आत वळते, बसमागे घोंघावणारा वारा शांत होतो आणि डिझेल वाचतं. वायरला आकार शिकवायचा तो सुधीरनेच. लोखंडी साच्यात घट्ट बांधून भट्टीत घालायचा, आणि नाही शिकली तर तिलाच शिव्या घालायचा... मे महिन्यात नुसत्या उभ्या बसची पाती आपोआप वळली. सुधीर मला म्हणाला, "मेल्या, ही उन्हातच वळतेय. वायर बदलायलाच लागणार." साहेब म्हणाले, डेमो तोंडावर आलाय, धागे लावून चालवून बघा.

धागे म्हणजे लोकरीचे तुकडे, बसच्या पाठीवर चिकटवलेले. वारा कुठे वळतो ते त्यांच्यावरून कळतं. त्यासाठी बाइकवरून बसच्या मागे मागे जायचं. मी चालवायचो, सुधीर मागे बसून धागे बघायचा. कॅमेरा लावा म्हणून आम्ही तीनदा सांगितलं. "तुमचे डोळे काय कमी आहेत?" हे उत्तर. त्या दिवशी मला अंधेरीला धाडलं आणि सुधीरला एकट्याला बसच्या मागे. हायवेवर बसने ब्रेक मारला तेव्हा तो धागेच बघत असणार... दुसरं काय बघणार?

शोकसभेत साहेब रडले. नंतर केबिनमध्ये बोलावून मला कागद दिला, सुधीर खासगी कामाला गेला होता असा, म्हणजे कंपनीला भरपाई द्यायला नको. मी सही केली. नोकरी जाईल म्हणून घाबरलो. लाज वाटते, पण केली.

परवा घाटकोपरला त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, चहा ठेवला. ओट्यावरच्या झरोक्याला सुधीरने तसलीच वायर लावलीय. गॅसची धग लागली की झडप उघडते, वाफ बाहेर जाते. ती उघडली. वहिनींनी विचारलं, "भावोजी, हे कामावरच होते ना? तुम्ही सांगितलंत तर लोक मानतील."

"कामावरच होता, वहिनी. पण मी उलटं लिहून दिलंय."

त्यांनी गॅस बंद केला... झडप गार होऊन मिटली. मी चहा न घेताच उठलो, घरी आलो आणि हे लिहायला बसलो. याच्याखालीही माझीच सही आहे.