मास्तरांच्या ओळखीचे

शिलाई मशीन बिघडलं की बाकीचे कारागीर आधी स्क्रूड्रायव्हर हातात घेत, मास्तर आधी डोळे मिटून घेत. "चालवा," म्हणत, आणि गिऱ्हाइकानं पाय मारायला सुरुवात केली की मान तिरकी करून ऐकत बसत. दहातल्या नऊ वेळा मशीन उघडायच्या आधीच त्यांचं निदान झालेलं असे. दहाव्या वेळी चुकलं तर चूक मशीनची, मास्तरांची नव्हे. चूक कबूल करणं हा माल त्यांनी दुकानात कधी ठेवलाच नव्हता.

ह्याच कानांच्या जोरावर त्यांनी त्या मोठ्या साइटवर पेज काढलं होतं, निम्मं जग जिथे दिवसभर पडीक असतं तिथे. दर रविवारी सकाळी मास्तर बिघडलेल्या मशीनचा अर्ध्या मिनिटाचा आवाज टाकत आणि खाली लिहीत, "सांगा, काय झालंय?" नऊ हजार लोक होते पेजवर. उत्तरं धडाधड येत आणि बहुतेक सगळी चुकत. मास्तर खूश.

बरोबर उत्तर यायचं ते एकाच अकाउंटवरून. नाव 'बॉबिन', फोटो नाही, पत्ता नाही. पहिल्यांदा आलं तेव्हा त्यात लिहिलं होतं, "उंदराच्या दातांत सुताचा भुगा अडकलाय." सुईखाली कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांना उंदराचे दात म्हणणारं माणूस या जगात एकच होतं, आणि ते पाचव्या वर्षी मास्तरांच्या टेबलाखाली बसून तसं म्हणायला लागलं होतं. मास्तरांनी ती ओळ बायकोला दाखवली. त्या दिवशी दोघांनाही जेवण गेलं नाही.

मुलगी घरातून जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. कान बापाचा आणि ताठाही बापाचाच. एकदा भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर, तिनं मास्तरांचं निदान चुकीचं ठरवलं आणि मशीन उघडून तसं दाखवलंही. मास्तरांना ते फार लागलं. "हे तुझं काम नाही. उद्यापासून दुकानात पाऊल टाकायचं नाही," ते म्हणाले. "मग घरात तरी कशाला टाकू?" ती म्हणाली आणि गेली. फोन लागेना, ठावठिकाणा कळेना. आता रविवारची ती एक ओळ आली की पुढचे सहा दिवस निघत. "तूच ना गं?" असं विचारायचं मास्तरांच्या कैकदा बोटांवर आलं, पण विचारलं आणि ती ओळही बंद झाली तर?

असं दोन वर्षं चाललं. मग मोठ्या साइटला शिंगं फुटली. पैसे भरल्याशिवाय मास्तरांचा आवाज कोणाच्या कानावर पडेना. उत्तरांच्या मधेमधे केस उगवायच्या तेलाच्या जाहिराती. कुणा भामट्यानं तर मास्तरांचाच फोटो लावून बनावट सुटे भाग विकायला काढले. तक्रार केली की आपोआप उत्तर यायचं, तुमचं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे. मोल म्हणे!

"मास्तर, सोडा ही साइट," शेजारच्या दुकानातला दोरेवाला म्हणाला. सुया, दोरे आणि मशीनचं तेल विकणारा हा गडी पाचेक वर्षांपूर्वी इथे आलेला, मोबाइलमध्ये हुशार. "एक छोटी साइट आहे. जाहिरात नाही, चोर नाहीत. अर्ज मंजूर केल्याशिवाय कोणी आत येऊच शकत नाही."

मास्तरांना ते एकदम पटलं. बायकोनं विचारलं, "अहो, पण तिचं काय?"

"जुन्या पेजवर नवा पत्ता लिहून ठेवतो ना. यायचं असेल तर येईल."

"मग जुनंही राहू दे की."

"दोन डगरींवर हात ठेवायची मला सवय नाही," मास्तर म्हणाले. पंधरा दिवस पत्ता ठेवला आणि सोळाव्या दिवशी जुनं पेज पुसून टाकलं.

अर्जाचे रकाने मास्तरांनीच ठरवले होते: नाव, काम आणि आपल्यापैकी तुम्हाला कोण ओळखतं. अर्ज बघायचं काम दोरेवाल्याकडे. तिसऱ्या रकान्यात जो तो मास्तरांचंच नाव ठोकून देई आणि दोरेवाला दर तासाला विचारायला येई, याला ओळखता का, त्याला ओळखता का. चौथ्या दिवशी मास्तर वैतागले. "माझं नाव लिहिणारे सगळे उडव. माझ्या ओळखीचे कोण आहेत ते मला माहीत आहे."

शेवटी त्रेसष्ट जण आत आले. बोलणारे सात, आणि त्यातले दोन एकमेकांचे मेहुणे, फक्त एकमेकांशीच बोलणारे. पहिल्या रविवारी तीन उत्तरं आली, तिन्ही चूक. बॉबिन नाही. दुसऱ्या रविवारी नाही, तिसऱ्याही नाही. सहाव्या रविवारी मास्तरांनी चांगल्या मशीनच्या दात्यांत मुद्दाम सुताचा भुगा कोंबला आणि तो आवाज टाकला. एका मेहुण्यानं अंगठा दिला.

मग मास्तर मान खाली घालून मोठ्या साइटवर परत गेले. नवं अकाउंट काढून 'बॉबिन' शोधलं. हे अकाउंट बंद करण्यात आलं आहे, एवढंच उत्तर. ते तसेच उठून दोरेवाल्याकडे गेले.

"अरे, अर्ज करणाऱ्यांत बॉबिन नावाचं कोणी होतं का?"

"आठवत नाही बुवा. आणि नाकारलेला अर्ज साइट ठेवत नाही, लगेच पुसते." दोरेवाला सुयांची पाकिटं लावत होता. "एक गंमत मात्र तुम्हाला सांगायची राहिली. एका बाईनं तुमचं नाव लिहून पुढे लिहिलं, मी त्यांची मुलगी. काय एकेक लोक असतात! नाकारला तर परत पाठवला तिनं."

मास्तर काउंटरवर वाकले. "मग?"

"मग काय, परत उडवला. तुम्हीच म्हणालात ना, सगळे उडव म्हणून? आणि मी इथे आलो त्याच वर्षी तुम्ही सांगितलं होतंत की, आपल्याला मूलबाळ नाही."

सांगितलं होतं खरं. नव्या शेजाऱ्यानं सहज विचारलं होतं. आहे म्हटलं असतं तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं.

"तिला उत्तर काय गेलं?"

दोरेवाल्यानं मोबाइल पुढे केला. नाकारलेल्या सगळ्यांना जाणारं एकच उत्तर होतं, मास्तरांनीच सांगितलेलं. "आम्ही आपल्याला ओळखत नाही. कृपया पुन्हा येऊ नये." खाली मास्तरांचं नाव.

घरी बायको भाजी निवडत बसली होती. "काही कळलं का हो?"

"आली होती ती."

बायको ताडकन उठली. "कधी? काय म्हणाली?"

"म्हणाली, मी त्यांची मुलगी. दोनदा म्हणाली." मास्तर दारातच खाली बसले. "दोन्ही वेळा मी सांगितलं, ओळखत नाही."

बायको त्यांच्याशेजारी येऊन बसली. मग तिनं विचारलं, "अजून एकदा येईल हो?"

"नाही यायची," मास्तर म्हणाले. "माझी मुलगी आहे ती."