इंग्रजी पेपरातलं मेलेलं गाव

माझं माहेर येडशीच्या पलीकडं, रामलिंगच्या जंगलाला लागून. विहिरी आटल्या त्या वर्षी माणसं बार्शीच्या गिरण्यांकडं पांगली. माझी आई त्याआधीच वारलेली. वडील, म्हणजे आबा, आणि मोजकी म्हातारी माणसं तेवढी मागं राहिली.

सासर कळंबला. सासरे निवृत्त मास्तर. हैदराबादचा इंग्रजी पेपर शिळा होऊनच यायचा. तो ते ओट्यावर बसून मराठीत सांगायचे. एका दुपारी त्यात माझ्या गावाचं नाव निघालं. बातमीदारानं त्याला ‘डेड’ म्हटलं होतं. सासऱ्यांनी शब्दाला शब्द ठेवला, “मेलेलं गाव.”

ऐकायला बसलेल्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या.

“इंग्रजीत तसं लिहायची रीत आहे,” सासऱ्यांनी समजावलं. “गिऱ्हाईक नसलं की बाजार डेड. तार तुटली की फोन डेड. वर्दळ नाही, एवढाच अर्थ.”

“मग माणसं मेल्यावर काय लिहितात?” शेजारच्या काकूंनी विचारलं.

“तोच शब्द.”



पुढच्या बाजारी आबा आले. ऊन मी म्हणत होतं. ते दिसायच्या आधी मला दारं लागल्याचे आवाज ऐकू आले, एकामागून एक, आमच्या घराकडं सरकत येणारे. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला नाही, उंबऱ्यावर ठेवला. शेजारी कुणीतरी चुलीत मिरच्या टाकल्या. आम्ही सगळे खोकून बेजार झालो. आबा मात्र शांतपणे पाणी पीत होते.

“गावात कोण कोण हाय आता?” मी विचारलं.

“सगळेच हायेत की. सांजच्याला पारावर बसाय जागा पुरत न्हाय.”

मी त्यांच्या पायांकडं बघितलं. सरळच होते, धुळीनं माखलेले. पण मी बघितलं.

दोन दिवसांनी सासऱ्यांना घेऊन मी माहेरी गेले. गल्ल्यांत कुत्रंही नव्हतं. उरलेली म्हातारी माणसंही कुठंतरी निघून गेली होती. दारांच्या कड्या सुतळीनं बांधलेल्या. पार तेवढा झाडून लख्ख होता. त्यावर ओळीनं घोंगड्या अंथरलेल्या, आणि टोकाला आबा बसलेले. ते हळू आवाजात कुणाशीतरी बियाण्याबद्दल बोलत होते. मधेच थांबून ऐकत, मान हलवत.

सासरे पाराखालीच उभे राहिले. “चला, व्याही. आमच्याकडं राहा.”

“ह्या लोकांना सोडून?” आबा म्हणाले.

त्या दिवशी ते आले नाहीत. पावसाळ्यात तापानं फणफणले तेव्हा उचलूनच आणले. शेजारच्या काकू आधी दारातूनच विचारपूस करायच्या, मग पेज घेऊन आत यायला लागल्या. आबा बरे झाले, आमच्याकडंच राहिले.

पुढं विहिरींना पाणी आलं, माणसं परतली, गाव भरलं. “जाऊन येऊ या का, आबा?” मी कितीदा तरी विचारलं.

“नगं,” ते म्हणायचे. “आता तिथं वळखीचं कुणी ऱ्हायलं न्हाय.”