सात नंबरची करकर

सूतगिरणीतल्या तेलवाल्या मामांना सगळे पाठीमागे पिपाणी म्हणायचे. गडी धिप्पाड, पण आवाज असा चिरका की वाटावं, आडून कुणी पोरगीच बोलतेय. म्हणून मामा बोलायचे कमी, ऐकायचे जास्त. लांब पेचकसाचं टोक मशीनच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. तीस वर्षं हेच.

त्यांच्याकडे प्रत्येक आवाजाला नाव होतं. किरकिर म्हणजे तेल मागतंय. चीं चीं म्हणजे पट्टा घसरतोय. खरखर म्हणजे आत कचरा गेलाय.

"आणि करकर?" मी एकदा विचारलं.

"बेअरिंगमधले छर्रे फुटतायत. तिथं तेल नाही घालायचं, भाऊ. मशीन बंद करायचं."

गेल्या वर्षी सात नंबरचं मशीन करकरायला लागलं. त्यावर मामांची सून कामाला होती. मामांनी जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, सांगितलं, तर तो म्हणाला, "आज पिपाणी लवकर वाजली." मग मामा माझ्याकडे आले. कामगारांचं भांडण मांडणारा मी. साहेबाच्या टेबलावर हात आपटायला पदवी लागत नाही, असं चारचौघांत ऐकवणारा.

"मॅनेजरबरोबरच्या बैठकीत मी सांगतो," मामा म्हणाले.

"तुम्ही नुसते बसा. तुमचा आवाज ऐकला की मुद्दा हसण्यावारी जाईल."

तोंडावर बोललो मी हे. मामा तरीही बैठकीला आले.

बैठकीत मी हक्क काढला, माणसाच्या जिवाची किंमत काढली, मालकाची लाज काढली. मॅनेजरनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आवाज नेमका कसा येतो?"

"भयंकर. कर्णकर्कश."

"मग काय, गिरणीत कोकिळा पाळायच्या? सगळीच मशिनं ओरडतात."

आमचीच माणसं हसली. शेजारून मामा माझी बाही ओढत होते. माझं डोकं फिरलेलं, मी हात झटकला. "कानात घालायला बोळे देऊ सगळ्यांना," मॅनेजर म्हणाला, आणि तेवढंच पदरात घेऊन मी गेटवर जिंकल्याचं भाषण ठोकलं.

अकराव्या दिवशी बेअरिंग फुटलं. रूळ सरकला, सुनेची दोन बोटं त्यात गेली. करकर वाढलेली तिला कळलीच नाही. कानात बोळे होते.

महिनाभर त्या घराची पायरी चढायचं मला धाडस झालं नाही. गेलो तेव्हा मामा खाटेवर बसले होते. समोर बसलो.

"मामा, पुढच्या बैठकीत तुम्हीच बोला," एवढंच म्हणालो.

"काय बोलू?" तोच चिरका आवाज, पण आता मला त्यात हसण्यासारखं काही वाटेना. "नवं बेअरिंग बसवलंय. सात नंबर आता गप आहे."

सुनेनं डाव्या हातानं पाण्याचा पेला पुढे केला. तहान लागली होती, तरी मी नको म्हणालो.